विक्रेत्याचे सौजन्य आणि त्यामागील व्यवस्था : गंगाखेडच्या बाजारपेठेच्या संदर्भात एक तौलनिक विवेचन

सारांश

दुकानातील विक्रेता ग्राहकाशी कसा वागतो, यावरून एखाद्या गावाचा किंवा देशाचा स्वभाव ठरविण्याची पद्धत सर्वत्र आढळते. प्रस्तुत लेखात हे वर्तन स्वभावापेक्षा व्यवस्थेतून घडते, असे प्रतिपादन केले आहे. उधारी, घासाघीस, एकच भाव, वस्तूंची टंचाई आणि नोकरीच्या अटी हे या व्यवस्थेचे प्रमुख घटक होत. गंगाखेडसारख्या तालुक्याच्या बाजारपेठेपासून जपान, फ्रान्स, जर्मनी व रशियापर्यंतच्या उदाहरणांच्या आधारे, सौजन्याचे मोल ग्राहकांतील समता आणि विक्रेत्याची प्रतिष्ठा या दोन कसोट्यांवर तपासावे, असा विचार येथे मांडला आहे.

बीजशब्द : विक्रेता, गुमास्ता, ग्राहक, उधारी, एकच भाव, भावनिक श्रम, समता.

प्रस्तावना

परभणी जिल्ह्यातील गंगाखेड हे गोदावरीच्या काठी वसलेले तालुक्याचे ठिकाण आहे. संत जनाबाईंचे जन्मस्थान म्हणून ते महाराष्ट्राला परिचित आहे. आसपासच्या खेड्यांतील शेतकरी कापूस, सोयाबीन, तूर विकण्यासाठी आणि कापडचोपड, किराणा, बी-बियाणे खरेदी करण्यासाठी येथे येतात. अशा गावची बाजारपेठ म्हणजे केवळ देवाणघेवाणीची जागा नसते. कोण कोणाला काय म्हणून हाक मारतो, कोणाला बसावयास सांगितले जाते, कोणाला चहा येतो आणि कोण पायरीशी उभा राहतो, हे सारे तेथे दिवसभर दिसत असते. समाजाची उतरंड ग्रंथांत वाचावयास मिळते, तशीच ती दुकानाच्या गादीपाशीही वाचता येते.

या विषयाकडे लक्ष देण्यास आणखी एक कारण आहे. आपल्या महाविद्यालयांतून पदवी घेतलेले अनेक विद्यार्थी पुणे, मुंबई, छत्रपती संभाजीनगर येथील मोठ्या दुकानांत विक्री सहायक म्हणून रुजू होतात. वाणिज्य शाखेच्या वर्गात आपण त्यांना ग्राहकाचे समाधान शिकवितो. ते समाधान कोणाच्या श्रमातून उभे राहते, हे मात्र क्वचितच सांगतो. ही उणीव लक्षात घेऊन पुढील विवेचन केले आहे.

गुमास्ता : शब्द आणि व्यक्ती

मालकाच्या वतीने व्यवहार पाहणाऱ्या माणसाला मराठीत 'गुमास्ता' म्हणत. हा फारसी वळणाचा शब्द 'नेमलेला प्रतिनिधी' अशा अर्थाचा आहे. आज दुकानात काम करणाऱ्याला कोणी गुमास्ता म्हणत नाही. खेड्यापाड्यांत तो 'दुकानातला गडी' किंवा 'कामावरचा पोरगा' असतो आणि शहरात 'सेल्समन' असतो. शब्द उरला आहे तो परवान्यापुरता. दुकानाच्या नोंदणीला लोक अजून 'गुमास्ता लायसन्स' म्हणतात आणि १९४८ च्या मुंबई दुकाने व आस्थापना अधिनियमाला 'गुमास्ता कायदा' हेच नाव रूढ होते. कामगारासाठी केलेल्या कायद्याचे नाव लोकव्यवहारात मालकाच्या परवान्याला चिकटावे आणि कामगाराकडून मात्र निसटावे, ही बाब पुरेशी बोलकी आहे.

उधारीची बाजारपेठ आणि नात्यांची भाषा

मराठवाड्यातील जुन्या कापड दुकानाची मांडणी डोळ्यांपुढे आणावी. पांढरी गादी, लोड, भिंतीला लागून ताग्यांच्या चळती. ग्राहक पायताण काढून वर बसतो. गडी विचारतो, "काय दाखवू, मामा?" स्त्री ग्राहक वयानुसार ताई, मावशी किंवा माय होते. मुस्लिम कुटुंबाशी बोलताना तोच गडी सहजपणे दखनी वळणाच्या हिंदीत चाचा, खाला म्हणू लागतो. पाहण्याचे पैसे पडत नाहीत असे म्हणत तो घडीमागून घडी मोडतो. लग्नसराईत बस्ता बांधावयाचा असेल, तर त्याला मुलाकडचे कोण, मुलीकडचे कोण, कोणाच्या मानाचे लुगडे किती भारी हवे, हेही उमजावे लागते. बस्त्यातील एका चुकीच्या साडीने दोन घरांत वर्षभर धुसफूस राहू शकते, हे त्याला ठाऊक असते. सकाळच्या पहिल्या ग्राहकाला सहसा परत पाठविले जात नाही. भवानी व्हावी म्हणून थोडा भाव सोडला जातो.

या आपुलकीमागे अर्थशास्त्रही आहे. कोरडवाहू शेतीत पैसा वर्षातून एकदोनदाच हाती येतो. त्यामुळे किराणा आणि कापड सुगीच्या भरवशावर उधार न्यावे लागते. उधारी देणाऱ्याला ग्राहकाचे गाव, शेत, सोयरीक, दुखणीखुपणी यांची माहिती हवी असते. ही माहिती चहाबरोबरच्या गप्पांतून मिळते. अमेरिकन मानवशास्त्रज्ञ क्लिफर्ड गीर्ट्झ यांनी मोरोक्कोतील सेफ्रू गावच्या बाजाराचा अभ्यास करून १९७८ मध्ये असेच एक सूत्र मांडले. जेथे मालाची प्रत, भाव आणि माणसाची पत यांविषयीची माहिती दुर्मीळ असते, तेथे लोक घासाघीस करतात आणि एकाच दुकानाशी बांधून राहतात. गंगाखेडच्या बाजाराला हे सूत्र लागू पडते. 'आमचे दुकान ठरलेले आहे' या वाक्यात निष्ठा असते, तशीच माहितीच्या टंचाईवर शोधलेली तोडही असते.

तथापि या नात्याला दुसरी बाजू आहे. ज्या नजरेने विक्रेता ग्राहकाला मामा म्हणतो, त्याच नजरेने तो त्याला जोखतही असतो. पायातील वहाण, अंगावरचे कापड, बोलण्याची ढब पाहून कोणते ठाण काढावयाचे आणि कोणता भाव सांगावयाचा, हे ठरते. घासाघिशीच्या बाजारात ज्याला बोलता येते त्याला स्वस्त मिळते आणि जो भिडस्त, निरक्षर किंवा गरजू असतो त्याला तीच वस्तू महाग पडते. उधारीवर असलेल्याला तर भाव विचारण्याचीही सोय नसते. मामा म्हणून मिळालेला मान आणि वहीत वाढत जाणारी रक्कम यांचा मेळ घालणे त्याला कठीण जाते.

पायरी आणि गादी : समतेचा प्रश्न

जातिव्यवस्थेत ही विषमता भावापुरती राहिली नाही. अस्पृश्य मानल्या गेलेल्या ग्राहकाला गादीवर प्रवेश नव्हता. त्याने पायरीखाली उभे राहावे, नाणी खाली ठेवावीत, दुकानदाराने त्यांवर पाणी शिंपडून ती उचलावीत आणि माल वरून पदरात किंवा ओंजळीत टाकावा, अशी रीत महाराष्ट्राच्या अनेक भागांत होती. दलित आत्मकथनांतून या अनुभवाच्या नोंदी आल्या आहेत. विक्रेत्याच्या सौजन्याचा विचार करताना ही बाजू वगळली, तर जुन्या बाजाराचे चित्र खोटे गोड होते.

भारतीय संविधानाने या प्रश्नाची थेट दखल घेतली आहे. अनुच्छेद १५ च्या दुसऱ्या खंडात धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान या कारणांवरून कोणाही नागरिकाला दुकानांत प्रवेश करण्यास आडकाठी करता येणार नाही, असे म्हटले आहे. तेथे दुकानांचा उल्लेख उपाहारगृहे व हॉटेले यांच्याबरोबर आला आहे. १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण अधिनियमाने अस्पृश्यतेच्या कारणावरून दुकानात प्रवेश नाकारणे आणि माल विकण्यास किंवा सेवा देण्यास नकार देणे हे दंडनीय अपराध ठरविले. दुकानाची पायरी हा राज्यघटनेचा विषय व्हावा, इतकी ती महत्त्वाची होती. मराठवाडा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. तेथील ग्राहकाला हा हक्क मिळाला तो संविधान लागू झाल्यावर, १९५० पासून. व्यवहारात तो उतरण्यास मात्र पुढे बराच काळ जावा लागला.

एकच भाव : थंड पण समान

या पार्श्वभूमीवर 'भाव एकच' या पाटीचे सामाजिक महत्त्व लक्षात येते. अशा पाटीला आपण रुक्ष समजतो. परंतु ती विक्रेत्याच्या हातून ग्राहकाला जोखण्याचा अधिकार काढून घेते.

या पद्धतीचे एक प्रसिद्ध उदाहरण जपानमध्ये आढळते. मित्सुई ताकातोशी यांनी १६७३ मध्ये एदो, म्हणजे आजच्या टोकियोत, एचिगोया नावाचे कापड दुकान काढले. तोपर्यंत बडे कापड व्यापारी सरदारांच्या घरी माल घेऊन जात आणि वसुली ठरावीक सणांना होत असे. व्याज व बुडीत रक्कम धरून भाव चढा लागे. मित्सुईंनी दुकानातच रोखीने आणि ठरलेल्या भावाने विक्री सुरू केली. त्यामुळे सामान्य नगरवासीयालाही सरदाराच्याच भावाने कापड मिळू लागले. पॅरिसमध्ये १८५२ पासून आरिस्तीद बुसिको यांनी 'बाँ मार्शे' या दुकानात वस्तूवर किंमत लिहिणे, खरेदीची सक्ती न करता दुकान पाहू देणे आणि न आवडलेला माल परत घेणे या प्रथा रुजविल्या. अमेरिकेत मेंफिस येथे १९१६ मध्ये 'पिग्ली विग्ली' या किराणा दुकानाने त्यापुढचे पाऊल टाकले. तेथे ग्राहकाने स्वतः फळीवरून वस्तू उचलावयाची होती. मागण्याची गरज संपली, तशी नाकारले जाण्याची भीतीही कमी झाली.

भारतात १९७७ च्या आवेष्टित वस्तूविषयक नियमांपासून पाकिटावर किंमत छापण्याची शिस्त आली आणि पुढे 'सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत' हे शब्द घरोघरी पोहोचले. साबणाच्या वडीवरील त्या बारीक अक्षरांनी खेड्यातील भिडस्त ग्राहकाचे जेवढे रक्षण केले, तेवढे उपदेशाने झाले नसते. मात्र हे संरक्षण ज्याला वाचता येते त्यालाच पुरते मिळते, म्हणून साक्षरतेचा प्रश्न येथेही उभा राहतो.

पुण्याच्या दुकानदाराविषयीचे विनोदही याच प्रकाशात पाहता येतील. पु. ल. देशपांडे यांच्या मुंबईकर, नागपूरकर आणि पुणेकर यांवरील प्रसिद्ध कथनाने पुणेरी दुकानदार महाराष्ट्राच्या कल्पनेत कायमचा बसविला. दुपारी १ ते ४ बंद असणारे दुकान ही त्याची खूण ठरली. वास्तविक, ज्याचा माल चोख, भाव ठरलेला आणि व्यवहार रोखीचा आहे, त्याला ग्राहकाची मनधरणी करण्याची गरज भासत नाही. त्याचे तुटक बोलणे सर्वांना सारखेच वाट्याला येते. हे बोलणे कोणाला आवडणार नाही. तरीही माणूस पाहून बदलणाऱ्या गोडव्यापेक्षा ते अधिक समतेचे आहे, हे मान्य करावे लागते.

टंचाई आणि विक्रेत्याची सत्ता

एकच भाव असला की समता आपोआप येते, असे मात्र नाही. सोव्हिएत रशियात भाव सरकारने ठरविलेले होते, परंतु वस्तूंची टंचाई होती. म्हणून विक्रेता हा ग्राहकापेक्षा वरचढ होता. कोणासाठी माल बाजूला ठेवावयाचा, हे त्याच्या हाती होते. ३१ जानेवारी १९९० रोजी मॉस्कोत मॅकडोनाल्ड्सचे पहिले उपाहारगृह सुरू झाले, तेव्हा तेथील हसतमुख सेवकवर्ग हा लोकांच्या कुतूहलाचा विषय झाला होता. ते सेवक रशियनच होते. बदलली होती ती व्यवस्था.

आपल्याकडे याच गोष्टीचा पडताळा घेण्यासाठी दूर जावे लागत नाही. रास्त भावाच्या दुकानापुढील रांग आणि शेजारच्या किराणा दुकानातील गादी यांची तुलना करावी. दोन्हीकडे ग्राहक तोच आणि विक्रेताही त्याच गावचा असतो. एका ठिकाणी ग्राहकाला 'या, बसा' असे म्हणतात आणि दुसऱ्या ठिकाणी 'अंगठा उमटत नाही, उद्या या' असे ऐकून त्याला परतावे लागते. जेथे ग्राहकाला दुसरे दुकान निवडता येते, तेथे त्याचा मान राखला जातो. जेथे तो अडलेला असतो, तेथे विक्रेत्याचा सूर बदलतो.

नमस्कार कोणी प्रथम करावा?

संस्कृतीचा प्रभाव नाहीच, असे या विवेचनावरून समजू नये. व्यवस्था सारखी असली तरी शिष्टाचाराचे संकेत वेगळे असतात. फ्रान्समध्ये लहान दुकानात शिरताना ग्राहकाने 'बाँझूर' म्हणणे अपेक्षित असते. न बोलता वस्तूला हात लावणारा उद्धट ठरतो. दुकान हे विक्रेत्याचे घर आणि ग्राहक हा पाहुणा, अशी त्यामागील धारणा आहे. पायताण काढून गादीवर बसणाऱ्या आपल्या ग्राहकाला ती परकी वाटू नये. जपानमध्ये मात्र विक्रेताच 'इराश्शाइमासे' अशा स्वागताने ग्राहकाला सामोरा जातो आणि ग्राहकाने उत्तर देण्याची अपेक्षा नसते.

हे संकेत न ओळखल्यास काय होते, याचे उदाहरण म्हणून वॉलमार्टच्या जर्मनीतील अनुभवाचा नेहमी उल्लेख होतो. ही अमेरिकन कंपनी १९९७ मध्ये जर्मनीत आली आणि २००६ मध्ये तेथून बाहेर पडली. दारात स्वागत करणे, ग्राहकाकडे पाहून स्मित करणे, त्याच्या पिशव्या भरून देणे या अमेरिकन रीती अनेक जर्मन ग्राहकांना अवघड वाटल्या. अनोळखी माणसाचे हसणे त्यांना सलगीचे वाटे. कर्मचाऱ्यांच्या खासगी संबंधांवर बंधने घालणारी कंपनीची आचारसंहिताही २००५ मध्ये तेथील कामगार न्यायालयात अंशतः टिकली नाही. अपयशाची मुख्य कारणे स्थानिक स्वस्त दुकानांची स्पर्धा आणि व्यवस्थापनातील चुका ही होती. परंतु सौजन्य हे जसेच्या तसे आयात करता येत नाही, हा धडा त्यातून मिळाला.

हास्याची किंमत कोण देतो?

मोठ्या दुकानांच्या युगात उधारीच्या बाजाराची आपुलकी आणि एकच भावाची समता एकत्र आणण्याचा प्रयत्न झाला. प्रत्येक ग्राहकाला सारखा भाव आणि सारखेच हास्य मिळावे, हे त्याचे सूत्र होय. ग्राहकाच्या दृष्टीने ही प्रगतीच आहे. प्रश्न हास्य पुरविणाऱ्याचा आहे. समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशील्ड यांनी १९८३ मध्ये विमानसेविकांच्या अभ्यासातून 'भावनिक श्रम' ही संकल्पना मांडली. वेतनाच्या बदल्यात स्वतःच्या भावना दडपणे आणि अपेक्षित भावना चेहऱ्यावर आणणे, हेही श्रमच आहेत. गादीवरचा गडी ग्राहकाला मामा म्हणत असे, तेव्हा त्याला रुसण्याची, थट्टा करण्याची मुभा थोडीफार तरी होती. ठरावीक वाक्ये पाठ करून उभ्या असणाऱ्या विक्री सहायकाला ती नसते.

'ग्राहक देव आहे' या घोषणेचा इतिहासही उद्बोधक आहे. जपानमध्ये हे वाक्य हारुओ मिनामी या गायकाच्या १९६१ मधील उद्गारातून प्रसृत झाले. देवापुढे गावे तसे निर्मळ मनाने श्रोत्यांपुढे गावे, असा त्यांचा आशय होता. पुढे ग्राहकांनी अरेरावीसाठी त्याचा वापर केला. अखेर विक्रेत्यांचा ग्राहकांकडून होणारा छळ हा सार्वजनिक प्रश्न बनला आणि टोकियो महानगर प्रशासनाने २०२४ मध्ये त्याविरुद्ध नियम संमत केला. तो १ एप्रिल २०२५ पासून अंमलात आला. आपल्याकडील बँकांत व दुकानांत गांधीजींच्या नावाने ग्राहकमहतीचे एक वचन लावलेले असते. त्यांच्या लेखनात त्याचा आधार सापडत नाही. त्याच आशयाचा मजकूर १९४१ मध्ये अमेरिकेतील एका मोटार कंपनीच्या विक्री अधिकाऱ्याच्या नावे छापलेला आढळतो. विक्रीकलेच्या सूत्राला आपण संतवचनाची प्रतिष्ठा दिली, असे यावरून म्हणावे लागते.

श्रमाची दुसरी बाजू शरीराची आहे. विक्रेत्याने दिवसभर उभेच असावे, ही अपेक्षा सौजन्याचा भाग मानली गेली. ब्रिटनमध्ये १८९९ मध्ये दुकानांतील स्त्री कर्मचाऱ्यांना बसण्यासाठी आसने देण्याचा कायदा करावा लागला. केरळमध्ये कोझिकोडच्या मिठाई स्ट्रीटवरील दुकानांतील स्त्रियांनी पी. विजी यांच्या पुढाकाराने या प्रश्नावर संघटन केले. २०१८ मध्ये तेथील दुकाने कायद्यात दुरुस्ती होऊन कर्मचाऱ्यांना कामाच्या वेळात बसण्याची सोय देणे बंधनकारक झाले. तमिळनाडूने २०२१ मध्ये तशीच दुरुस्ती केली. महाराष्ट्राने २०१७ मध्ये नवा दुकाने व आस्थापना अधिनियम केला, तेव्हा त्याच्या मुख्य तरतुदी दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना लागू केल्या. २०२५ मध्ये ही मर्यादा वीसपर्यंत नेण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने घेतला. गंगाखेडसारख्या गावात दोन-चार गडी असलेली दुकानेच बहुसंख्य आहेत. म्हणजे येथील गड्याचे कामाचे तास, सुटी आणि विसावा हे मुख्यतः मालकाच्या सद्भावनेवर अवलंबून राहतात.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात. पहिली, विक्रेत्याचे गोड किंवा तुटक बोलणे हे त्या प्रदेशाच्या रक्तात नसते. ते उधारी, टंचाई, स्पर्धा आणि नोकरीच्या अटी यांतून घडते. दुसरी, आपुलकी आणि समता एकत्र असतातच असे नाही. मामा म्हणणाऱ्या बाजारानेच काहींना पायरीखाली उभे केले होते. तिसरी, आधुनिक दुकानाने ग्राहकांत आणलेल्या समतेचा भार बहुतांशी विक्रेत्याच्या पायांवर आणि चेहऱ्यावर पडला आहे.

म्हणून एखाद्या दुकानाचे सौजन्य तपासताना दोन साधे प्रश्न विचारावेत. सर्वांत गरीब, सर्वांत संकोची ग्राहकाला तेथे कसे वागविले जाते? आणि ग्राहक नसताना तेथील विक्रेत्याला बसता येते काय? वाणिज्य व समाजशास्त्राच्या अध्यापकांनी विक्रीकौशल्याच्या प्रकरणाबरोबर संविधानाचा अनुच्छेद १५, नागरी हक्क संरक्षण अधिनियम आणि दुकाने कायद्यातील तरतुदी शिकविल्यास विद्यार्थी ग्राहकाचा आणि स्वतःचाही मान राखण्यास समर्थ होतील. दळणकांडण करणाऱ्या जनाबाईच्या श्रमात वारकरी परंपरेने देवाला सहभागी केले. त्यांच्या गावी ग्राहकाला देव म्हणताना, त्याची सेवा करणाऱ्याला माणूस म्हणून वागविण्याचे भान बाळगले पाहिजे.